वाचकांचे प्रश्न : सेझची जमीन आणि स्थानिक पुढाऱ्यांचे हितसंबंध

विशेष आर्थिक क्षेत्रांविषयी, म्हणजे निर्यातीसाठी करसवलती देऊन राखलेल्या आणि बोलीभाषेत ज्यांना आपण सरसकट 'सेझ' म्हणतो त्या आवारांविषयी, आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या तालुक्यात सेझसाठी भूसंपादनाच्या नोटिसा आल्या तेव्हा काही पुढारी दिवसा विरोधाच्या सभेत भाषणे करीत आणि त्यांचेच नातेवाईक संध्याकाळी साठेखतांवर सह्या गोळा करीत फिरत. हा माणसांच्या स्वभावाचा दोष समजायचा, की कायद्याच्या रचनेतच असे काही होते?
— एक शेतकरी, पेण (जि. रायगड)

उत्तर : स्वभावाचा भाग वजा केला तरी बरेच काही उरते, आणि जे उरते ते रचनेचे आहे. २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्र कायदा आणि फेब्रुवारी २००६ मध्ये अमलात आलेले त्याचे नियम वाचताना एक प्रश्न मनाशी धरावा. या क्षेत्रात दहा वर्षांनी माल तयार होऊ लागला तर त्याचा पैसा कोणाला मिळणार, आणि तो कधी तयार झालाच नाही तर नुकसान कोणाचे होणार?

निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे संपूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मी प्राप्तिकर सवलत होती. तिचा भार केंद्राच्या तिजोरीवर पडत होता. राज्य सरकारला मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्क यांसारख्या करांवर पाणी सोडावे लागे, पण त्या बदल्यात गुंतवणुकीचे मोठमोठे आकडे जाहीर करण्याची सोय होती आणि ती त्या काळात कोणत्याही मुख्यमंत्र्याला हवीच होती. प्रवर्तक, म्हणजे सेझ उभारणाऱ्या, कंपनीला बहुउत्पादन सेझसाठी किमान एक हजार हेक्टर जमीन दाखवावी लागे. मात्र मूळ नियमांनुसार त्यातील चौथाई क्षेत्रच प्रत्यक्ष उत्पादनासाठी राखून ठेवणे बंधनकारक होते आणि उरलेल्या जागेवर घरे, हॉटेले, कार्यालये उभारता येत होती. (हे प्रमाण पुढे ३५ टक्के आणि अखेर ५० टक्के करण्यात आले.) ग्रामपंचायतीचे तर या व्यवस्थेत स्थानच डळमळीत होते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-थ मधील तरतुदीप्रमाणे असा भाग 'औद्योगिक नगरी' म्हणून घोषित केला की तेथे निवडून आलेली नगरपालिका स्थापन करण्याची सक्ती राहत नाही.

आता तालुक्याच्या पुढाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. कारखाना चालू झाल्यावर त्याच्या उत्पन्नातील एक रुपयाही त्याच्या ग्रामपंचायतीला किंवा पंचायत समितीला मिळण्याची खात्री नाही. उलट, कारखाना येण्यापूर्वीचा प्रत्येक टप्पा त्याच्यासाठी फायद्याचा आहे. कोणता गट नंबर संपादनात जाणार हे त्याला आधी कळते. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यावर कूळकायद्याचे निर्बंध असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदाराला सातबारावर नाव असलेला स्थानिक माणूस लागतो, आणि मग साठेखते, कुलमुखत्यारपत्रे, इसाराच्या रकमा हा सगळा व्यवहार त्याच्या हातून होतो. जमीन ताब्यात आली की भरावाचे, मुरमाचे, कुंपणाचे आणि कंत्राटी मजुरांचे काम त्याच्याच माणसांना मिळते. हे सर्व उत्पन्न एकदाच, आणि तेही लवकर मिळणारे असते. जमीन सपाट होऊन फाटक बसले की त्याचा प्रकल्पातील रस बहुतांशी संपतो. थोडक्यात, केंद्राला निर्यात हवी होती, पण ती होईपर्यंत वाट पाहण्याची गरज खालच्या साखळीतील कोणालाच नव्हती.

अर्थात आपल्या जिल्ह्याचा इतिहास केवळ एवढाच नाही, आणि तो पत्रात आला नाही म्हणून येथे नोंदवतो. उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील ४५ गावांची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन महामुंबई सेझसाठी घेण्याचा मूळ प्रस्ताव होता. त्याला विरोध करणाऱ्या लढ्याचे नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठांकडे होते, आणि या लढ्यामागे आधीच्या पिढीचा अनुभव होता. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. संपादनाचा खरा भाव नोटिशीत लिहिलेल्या भावापेक्षा फार वेगळा असू शकतो, हे येथील लोकांना तेव्हापासून ठाऊक होते. शिवाय पेणच्या २२ गावांची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. पाणी मिळण्याची आशा असलेल्या भातशेतीचा मालक आणि पाण्याचे श्रेय घेणारा पुढारी या दोघांचे हित तेथे जमीन राखण्यात होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी त्या गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत आजमावले. निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, तरी कौल विरोधात गेल्याचे सर्वांना समजले. दोन वर्षांच्या मुदतीत निवाडा न झाल्याने पुढे संपादनाची कार्यवाहीच व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, झाली. म्हणजे एकाच तालुक्यात काही वजनदार मंडळींचे हित जमीन विकण्यात होते आणि काहींचे ती टिकवण्यात. आपण पाहिलेला दुटप्पीपणा या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातला होता.

प्रश्न : सेझची कल्पना आपण चीनकडून घेतली असे सांगतात. शेन्झेन जगाचा कारखाना झाले, मग तीच कल्पना आपल्याकडे इतकी फिकी का ठरली? चीनमध्ये विरोध करता येत नाही, एवढेच कारण आहे का?
— अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : विरोध करता न येणे हे एक कारण जरूर आहे, पण ते सर्वांत महत्त्वाचे आहे असे मला वाटत नाही. आधी एक दुरुस्ती. निर्यातीसाठी वेगळे आवार राखण्याची कल्पना आपल्याकडे चीनच्याही आधी आली होती. कांडला येथील निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९६५ चे आणि अंधेरीचे सीप्झ (सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र) १९७३ चे. सीप्झ लहान होते, औद्योगिक विकास महामंडळाच्या जागेत होते आणि जमिनीच्या भावावर कोणाला नफा कमावण्यास तेथे वाव नव्हता. कदाचित म्हणूनच तेथे आधी इलेक्ट्रॉनिक्स आणि नंतर जडजवाहिरांचे खरेखुरे काम उभे राहिले. तत्कालीन वाणिज्य मंत्री मुरासोली मारन यांनी चीनमधील क्षेत्रे पाहून एप्रिल २००० मध्ये जे धोरण जाहीर केले, त्यात आकार आणि खासगी प्रवर्तक या दोन गोष्टी नव्या होत्या.

चीनमध्ये १९७९ साली ग्वांगडोंग प्रांताचे पक्षसचिव शी चोंगशुन (सध्याचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांचे वडील) यांनी केंद्राकडे मागितले ते मोकळीक देणारे अधिकार होते. पैसे द्यायला तर केंद्राकडे नव्हतेच. १९८० मध्ये ग्वांगडोंगने केंद्राला दरवर्षी ठरावीक १०० कोटी युआन द्यावेत आणि त्यावरचा महसूल स्वतःकडे ठेवावा, असा करार झाला. त्याच वर्षी शेन्झेन, चूहाय, शान्तौ आणि शियामेन ही चार क्षेत्रे अस्तित्वात आली. या करारात मला सर्वांत मोठा फरक दिसतो. कारखाना आला, मजूर आले, दुकाने उघडली, की वाढलेल्या महसुलाचा मोठा वाटा त्याच प्रांताच्या आणि त्याच शहराच्या खजिन्यात पडत होता. शिवाय तेथील महापौर किंवा पक्षसचिव मतपेटीतून येत नाही. त्याची बढती वरून होते आणि ती ठरवताना उत्पादन, गुंतवणूक व महसूल यांचे आकडे पाहिले जात. १९७९ ते १९९५ या काळातील प्रांतप्रमुखांच्या बढत्या विकासदराशी निगडित होत्या, असे काही अर्थतज्ज्ञांनी दाखवले. नंतरच्या अभ्यासकांनी गटबाजी आणि वरच्या ओळखी यांना अधिक वजन दिले आणि तो वाद मिटलेला नाही. तरीही आकडे वाढवणे स्थानिक अधिकाऱ्याच्या हिताचे होते, एवढे दोन्ही बाजू मान्य करतील.

मात्र यावरून चीनमधील स्थानिक सत्ताधारी अधिक सज्जन होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. हायनान बेटाला परदेशी मालाच्या आयातीची खास सवलत मिळाली तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी १९८४-८५ मध्ये सुमारे ८९ हजार मोटारी आयात करून मुख्य भूमीवर चढ्या भावाने विकण्याचा उद्योग केला. सवलत होती, तर तिच्यातून पैसा काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्यांनी शोधला. डिसेंबर १९८७ मध्ये शेन्झेनमध्ये जमिनीच्या वापरहक्काचा पहिला जाहीर लिलाव झाला, पुढच्याच वर्षी राज्यघटनेत तशी दुरुस्ती झाली आणि तिथून जमीन हेच स्थानिक सरकारांचे मोठे उत्पन्न होत गेले. १९९४ च्या कररचनेत मूल्यवर्धित कराचा ७५ टक्के वाटा केंद्राने घेतल्यावर ही ओढ आणखी वाढली. शेतकऱ्याला द्यायची भरपाई पिकाच्या वार्षिक उत्पन्नाच्या पटीत ठरत होती आणि १९९८ च्या कायद्याने तिची कमाल मर्यादा तीसपट होती. तीच जमीन शहरी भावाने विकता येत होती. परिणाम असा की २००३-०४ मध्ये केंद्राने मोजणी केली तेव्हा देशभर ६,८६६ विकास क्षेत्रे निघाली आणि त्यांचे नियोजित क्षेत्रफळ ३८,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ आठव्या हिश्श्याएवढे, भरले. त्यांतील बहुसंख्य रद्द करून २००६ पर्यंत १,५६८ क्षेत्रे ठेवण्यात आली. आपल्याकडील सेझच्या लाटेची निंदा करताना हा आकडा विसरू नये.

आणि शेन्झेनच्या यशात शेजारच्या हाँगकाँगचा वाटा कसा वेगळा काढणार? चूहाय आणि शान्तौ यांना कायदा तोच मिळाला, पण शेन्झेनची उंची त्यांना गाठता आली नाही. हाँगकाँगच्या कारखानदारांना भाडे आणि मजुरी परवडेनाशी झाली होती, त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जागा मिळत होती आणि त्यांचे नातेवाईक पलीकडे राहत होते. हे योगायोग कायद्याने निर्माण होत नाहीत.

भारतात लाभाची दिशा वेगळी होती आणि तिचे फळ नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालात दिसते. अधिसूचित झालेल्या सुमारे ४५ हजार ६०० हेक्टर जमिनीपैकी जेमतेम ६२ टक्के जमिनीवर काम सुरू झाले होते. काही प्रवर्तकांनी सेझची जमीन गहाण ठेवून काढलेल्या कर्जातील काही भाग अन्य कामांसाठी वापरल्याचेही त्या अहवालात आहे. निम्म्याहून अधिक सेझ माहिती तंत्रज्ञानाचे होते, त्याचेही कारण सरळ आहे. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधील करसवलत मार्च २०११ मध्ये संपणार होती आणि सेझचा किमान आकार या क्षेत्रासाठी फक्त दहा हेक्टर होता. कंपन्यांनी एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर जाणे पसंत केले. त्याला नवी औद्योगिक वसाहत म्हणणे मला तरी जड जाते.

प्रश्न : गोव्यात लोकांनी सेझ रद्द करून घेतले. मग तेथील राजकारण्यांचे हित लोकांच्या बाजूने होते, असे म्हणावे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : असे म्हणण्यापेक्षा, लहान मतदारसंघांमुळे त्यांना आपले हित लवकर बदलावे लागले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. गोव्यातील आमदाराचा मतदारसंघ २५-३० हजार मतदारांचा असतो. तेथे काही गावे रस्त्यावर उतरली की निवडणुकीचा निकाल फिरू शकतो. सेझ प्रवर्तकांना जमिनींचे वाटप आणि २००७ च्या अखेरीस सेझ रद्द करण्याची घोषणा ही दोन्ही सरकारचीच कामे होती. प्रवर्तकांशी झालेल्या दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर जमिनी परत घेताना अडीचशे कोटींहून अधिक रक्कम सरकारी खजिन्यातून द्यावी लागली. आधीच्या वाटपाची किंमत अखेर करदात्याने मोजली, हा भाग विजयाच्या मिरवणुकीत सहसा येत नाही.

प्रश्न : आमच्याकडील एका औद्योगिक प्रकल्पात मोबदल्यासोबत पंधरा टक्के विकसित जमीन परत देण्याचे आश्वासन आहे. रोख रकमेपेक्षा असा वाटा चांगला असतो का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : तत्त्वतः चांगला असतो, पण तो कोणत्या रूपात आणि कधी मिळतो यावर सगळे अवलंबून आहे. खेड तालुक्यातील सेझमध्येही पंधरा टक्क्यांचेच सूत्र होते. मोबदल्यातून त्यासाठी रक्कम कापून घेण्यात आली आणि पुढे भूखंडांऐवजी शेतकऱ्यांच्या कंपनीतील समभागांचा मार्ग निघाला. जमीन हवी होती आणि हाती समभाग आले, ही तक्रार घेऊन तेथील शेतकऱ्यांनी अनेक वर्षे आंदोलने केली. समभाग वाईट नसतो. पण ज्या कंपनीची एकमेव मालमत्ता अविकसित जमीन आहे, तिचा समभाग म्हणजे सही न झालेला धनादेश. जयपूरजवळच्या महिंद्रा वर्ल्ड सिटीसाठी जमीन घेताना जयपूर विकास प्राधिकरणाने शेतकऱ्यांना २५ टक्के विकसित भूखंड देऊ केले होते. असे भूखंड हातात पडेपर्यंत थांबण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. ज्याच्याकडे दुसरे उत्पन्न आहे तो थांबतो; कर्जबाजारी किंवा अल्पभूधारक आपला हक्क कागदावरच विकून टाकतो, आणि तो विकत घेणारा बहुधा गावातीलच असतो.

पुण्याच्या हडपसरजवळील मगरपट्टा हे उलट उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते. सुमारे चारशे एकर जमिनीचे मालक असलेली शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबे एकत्र आली, जमीन विकण्याऐवजी तिच्या प्रमाणात भागीदार झाली आणि भाड्याचे उत्पन्न त्यांना मिळत राहिले. तेथील आयटी संकुलाच्या काही भागाला सेझचा दर्जाही मिळाला. पण ही कुटुंबे बहुतांशी एकाच भावकीतील होती, जमीन महापालिकेच्या हद्दीत होती आणि नेतृत्व करणाऱ्यांचे राजकीय व बँकांतील वजन मोठे होते. म्हणजे तेथेही वजनदार मंडळीच पुढे होती. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की त्यांची स्वतःची जमीन त्याच प्रकल्पात अडकलेली होती, त्यामुळे प्रकल्प चालणे ही त्यांचीही गरज होती. आपल्या प्रकल्पात पुढाकार घेणाऱ्यांची जमीन संपादनाच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे गावनकाशावर पाहून घ्यावे. परताव्याचा भूखंड कोठे, किती वर्षांत आणि कोणत्या वापरासाठी मिळेल हे करारात लिहिलेले नसेल, तर पंधरा हा आकडा निरर्थक आहे.

प्रश्न : सेझचा कायदा बदलून राज्यांना भागीदार करणार, असे केंद्राने जाहीर केले होते. त्याने काही फरक पडेल का? आणि घेतलेली जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली, तर ती परत मागता येते का?
— एक निवृत्त महसूल कर्मचारी, अलिबाग

उत्तर : २०२२ च्या अर्थसंकल्पात तशी घोषणा झाली खरी, परंतु नव्या कायद्याचे विधेयक मंजूर झालेले नाही. दरम्यान प्राप्तिकराची सवलत नव्या उद्योगांसाठी २०२० मध्येच बंद झाली, आणि रिकाम्या पडू लागलेल्या आयटी इमारतींचे मजले सेझमधून वगळण्याची मुभा डिसेंबर २०२३ च्या नियमबदलाने दिली. राज्य भागीदार असणे पुरेसे नाही, हे नवी मुंबई सेझने दाखवले आहे. तेथे सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या राज्य सरकारच्या महामंडळाचा, २६ टक्के हिस्सा होता, उलवे, द्रोणागिरी आणि कळंबोलीची जमीन हाती होती, तरी दशकभरात सेझ उभा राहिला नाही आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने त्याचे एकात्मिक औद्योगिक क्षेत्रात रूपांतर करण्यास मान्यता दिली. भागीदारी जमिनीतली असेल तर भागीदाराचे लक्ष जमिनीच्या भावावरच राहील. उत्पादनावर मिळणाऱ्या कराचा ठरावीक हिस्सा ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला कायद्याने मिळू लागला, तर गावच्या पुढाऱ्याला कारखाना चालू असण्यात रस निर्माण होईल; माझ्या मते नव्या कायद्यात मागायची असेल तर ही तरतूद आधी मागावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संपादन कोणत्या कायद्याखाली झाले यावर अवलंबून आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधितांची संमती लागते. कलम १०१ प्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षे जमीन वापराविना राहिल्यास ती मूळ मालकाला, त्याच्या वारसांना किंवा सरकारच्या भूमी बँकेला परत करायची आहे. यातील 'किंवा' या पर्यायामुळे मालकाचा हक्क कमकुवत होतो. कलम १०२ प्रमाणे विकास न करता पाच वर्षांच्या आत जमीन दुसऱ्याला जादा भावाने दिली, तर वाढीव किमतीचा ४० टक्के हिस्सा मूळ मालकांना द्यावा लागतो. मात्र महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळासाठी होणारे संपादन १९६१ च्या राज्य कायद्याखाली चालते आणि त्याला ही संमतीची अट लागू होत नाही. कोणता कायदा लावला आहे हे नोटिशीच्या सुरुवातीलाच नमूद असते. ते पाहूनच हरकतीचा अर्ज लिहावा, कारण चुकीच्या कायद्याचे कलम टाकलेली हरकत सुनावणीत टिकणे कठीण असते, हे आपल्याला महसूल खात्यातील अनुभवावरून वेगळे सांगायला नको.